जुनी केबिन क्रूझर घेताना: लेक सेंट क्लेअरवरच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२४

केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोटरबोट, घ्यायची आहे. आकडा ठरला. बोट आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती मिळून १५,००० डॉलर. बोटीला दहापेक्षा जास्त द्यायचे नाहीत, पाच बाजूला काढून ठेवायचे. या पैशांत १९७५ ते १९९० दरम्यानची फायबरग्लासची बोट मिळते. म्हणजे वय साधारण पस्तीस ते पन्नास. या वयात मॉडेल कुठलं यापेक्षा मधल्या मालकांनी काय केलं आणि काय करायचं टाळलं, हेच बघायचं असतं.

कशासाठी घ्यायची तेही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मन चळणार नाही. डेट्रॉईटजवळचं लेक सेंट क्लेअर, शनिवार-रविवार, हार्सन्स आयलंडच्या मस्कमूट बेमध्ये नांगर टाकून एक रात्र. आई-बाबा जूनमध्ये चिपळूणहून येतात आणि तीन महिने राहतात. आईचे गुडघे दुखतात, पण पाण्यावर जायला ती कायम तयार असते. तेव्हा धक्क्यावरून बोटीत पाय टाकणं, आत बसणं, संडासापर्यंत जाणं हे सगळं तिला हाताला धरल्याशिवाय जमलं पाहिजे.

तळ्याचा स्वभावही यात धरायला हवा. विस्तार साधारण ११०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. मोठी मालवाहू जहाजं जातात ती मधल्या खोदलेल्या २७ फुटी वाटेने. पाणी इतकं उथळ असलं की वाऱ्याने उठणारी लाट आखूड आणि उभी होते. दोन-तीन फुटांचीच असते, पण एकामागून एक आदळते. हलकी, अरुंद बोट त्यात नुसती आपटते. दुसऱ्या बाजूने, पाणी गोडं आहे. समुद्रात वापरलेलं तीस वर्षांचं इंजिन आतून कुजलेलं निघतं, तेच इथे बऱ्याचदा चालू असतं.

वेळ थोडा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मालक किंमत उतरवतात, कारण हिवाळ्याचं स्टोरेज भाडं कुणालाच नको असतं. पण एकदा बोटी बाहेर काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या की पाण्यावर चालवून बघता येत नाही. चालवून न बघता घ्यायची नाही, हा नियम.

१७ ऑगस्ट

यादीत चार नावं उरली.

सी रे २६८ सनडान्सर, १९८८. एक ५.७ लिटर मर्क्रुझर इंजिन, आउटड्राइव्ह (इंजिन आत, पंखा मागे बाहेर लटकणाऱ्या ड्राइव्हवर).
बेलायनर २८५५ सिएरा, १९९०. एक ७.४ लिटर, आउटड्राइव्ह.
कार्व्हर २८ मरिनर, १९८६. दोन इंजिनं.
ट्रोजन एफ-३२, १९७९. दोन क्रायस्लर ३१८ इंजिनं, इनबोर्ड (तळातून सरळ शाफ्ट थेट पंख्यापर्यंत).

क्रिस-क्राफ्टची एखादी हवी होती. ती कंपनी इथल्याच अल्गोनॅकची, नदी तळ्याला मिळते तिथली. पण परवडणाऱ्या किमतीत धड एकही दिसली नाही. सी रेसुद्धा मिशिगनचीच, १९५९ साली ऑक्सफर्ड गावात सुरू झालेली. १९८६ मध्ये ब्रन्सविकने सी रे आणि बेलायनर दोन्ही विकत घेतल्या. ट्रोजन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची. एफ-३२ त्यांनी १९७३ पासून जवळजवळ दोन दशकं बनवली, त्यामुळे ग्रेट लेक्सच्या बहुतेक प्रत्येक मरिनात एखादी दिसतेच.

खरी निवड आउटड्राइव्ह की इनबोर्ड अशी आहे. आउटड्राइव्ह उचलता येतं, उथळ पाण्यात बरं पडतं आणि पेट्रोल कमी खातं. पण इंजिन आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला, मोठं भोक असतं आणि पाणी बाहेर ठेवतात ते रबरी बेलोज. ते चिरले की बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडू शकते. इनबोर्डमध्ये तळातून शाफ्ट जातो, यंत्रणा साधी आणि दणकट. मात्र पंखे कायम खाली लोंबतात आणि उथळ जागी जपावं लागतं.

२५ ऑगस्ट

बेलायनर बघितली. आतली जागा सुरेख. ‘इंजिन फक्त ४१० तास चाललंय’ हे मालकाने पुन्हा पुन्हा सांगितलं. ३४ वर्षांत ४१० तास म्हणजे वर्षाला बारा. मी दिवसभर गाड्यांच्या इंजिनांत असतो, तिथे कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी. बोटीत ते उलटं होतं. न चालवलेल्या इंजिनात सिलेंडरच्या भिंतींना गंज धरतो, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून बसतं, पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, एकाच आकारात दबून राहतं. वर्षाला शंभर तास चाललेलं आणि वेळेवर तेल बदललेलं इंजिन मी आधी घेईन.

ड्राइव्हच्या खालचा स्क्रू थोडा सैल करायला सांगितलं. तेल दुधाळ आलं. म्हणजे सील गेलंय, आत पाणी आहे. इंजिनवर अल्टरनेटर चकाकत होता. पुसून बघितलं तर मोटारीच्या दुकानातला. दिसायला तोच, बसतोही तिथेच. पण मरीन अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर असे बांधलेले असतात की आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून राहते. म्हणून तर इंजिन चालू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं चालवायचा असतो. जिथे कुणी पन्नास-शंभर डॉलर वाचवण्यासाठी साधा अल्टरनेटर बसवला, तिथे न दिसणाऱ्या जागी काय केलं असेल याचा विचारही करवत नाही. यादीतून काढली.

१ सप्टेंबर

कार्व्हर. खिडक्यांच्या खालच्या पॅनेलला अंगठा लावला तर आत गेला. तिन्ही खिडक्यांखाली तेच. वर्षानुवर्षं पाऊस झिरपून लाकूड कुजलंय. मालक प्रामाणिक वाटला, लपवाछपवी काही नव्हती. पण हे काम उघडल्याशिवाय किती आहे ते कळत नाही, आणि उघडलं की वाढतं. काढली.

७ सप्टेंबर

गणपती बसले, त्यामुळे आज बोट नाही. रात्री आरती आटोपल्यावर सी रेचा हल (बोटीचं कवच) नंबर बघितला. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या ट्रान्समवर उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. सी रेसाठी एसईआर. १९८४ नंतरच्या बोटींत शेवटची चार अक्षरं सरळ वाचता येतात. या बोटीवर ‘एच७८८’ आहे: एच म्हणजे ऑगस्ट, ७ म्हणजे १९८७, आणि मॉडेल १९८८ चं. जाहिरातीशी जुळतं. कागदावरचा नंबर आणि ट्रान्समवरचा नंबर वेगळा निघाला तर तिथेच नमस्कार करून निघायचं.

१४ सप्टेंबर

सी रे. बायकोला आणि मला दोघांनाही मनापासून आवडलेली हीच. रेखीव, आतली गादी नवी, इंजिनची खोली स्वच्छ. मालकाने बेलोज दोन वर्षांपूर्वी बदलल्याची पावती दाखवली. ड्राइव्हचं तेल स्वच्छ. सगळं जमत आलं होतं.

बोट बाहेर काढलेलीच होती, म्हणून तासभर नुसता ट्रान्सम ठोकत बसलो. प्लॅस्टिकचा लहान हातोडा, हलक्या हाताने, चार-चार इंचांवर. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसंच हे. पक्क्या जागी आवाज खणखणीत येतो, आत बिघाड असेल तर बसका. वरचा भाग छान वाजला. ड्राइव्हच्या डाव्या अंगाला खाली आलो तसा आवाज बसत गेला. मॉइश्चर मीटर लावला. या मीटरचा आकडा एकटा घेऊन काही उपयोग नसतो, त्याच बोटीच्या कोरड्या जागेशी ताडून बघायचा. हलच्या बाजूला काटा तळाशी होता, ट्रान्समच्या खालच्या कोपऱ्यात टोकाला गेला.

मालकाला विचारून डाव्या ट्रिम टॅबचा (ट्रान्समखालची, बोट सपाट ठेवणारी पट्टी) एक स्क्रू काढला. आधी काहीच झालं नाही. मग भोकाच्या कडेला एक तपकिरी थेंब जमला, ओघळला, मागे दुसरा आला. बोट तीन आठवडे जमिनीवर होती, तरी पाणी येत होतं. ट्रान्सम म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवुड. टॅबच्या स्क्रूंना लावलेलं सीलंट कधीतरी सुटलं आणि तिथून पाणी प्लायवुडमध्ये गेलं. बाहेरून एक रेघही दिसत नव्हती. आणि याच प्लायवुडवर ड्राइव्हचं सगळं वजन आणि जोर येतो.

दुरुस्ती होते. ड्राइव्ह काढा, इंजिन काढा, आतला थर कापा, ओलं लाकूड खरवडून काढा, नवं प्लायवुड इपॉक्सीत बसवा, परत ग्लास चढवा. इथल्या दोन कारखान्यांनी फोनवर सांगितलेले अंदाज बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होते. इंजिन बिघडलं तर दुसरं आणून बोल्टने बसवता येतं. ओला ट्रान्सम आणि ओले स्ट्रिंगर (तळाला बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्या) म्हणजे बोटच पुन्हा बांधणं. मालकाला हे माहीत नव्हतं, त्याचा चेहरा पडला. मीटरचे फोटो त्याला पाठवून दिले.

२२ सप्टेंबर

ट्रोजन. हिच्याकडून मला फार अपेक्षा नव्हती. ४५ वर्षांची, रंग पिवळट पडलेला, पडदे तपकिरी, डॅशवरची अर्धी अक्षरं पुसलेली. रुंदी मात्र १३ फूट! कॉकपिटमध्ये पाऊल ठेवलं तरी बोट जागची हलली नाही. कॉकपिटचा तळ सपाट, तिथून बसायच्या खोलीत जवळपास एका पातळीत जाता येतं. बायको म्हणाली, ‘आईंना इथे खुर्ची टाकून बसता येईल.’ सी रेत त्यांना चार उभ्या पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या.

मालक ऐंशीच्या घरातले. बोट त्यांच्याकडे १९९४ पासून. त्यांनी टेबलाच्या खणातून वह्या काढल्या. प्रत्येक हंगामाचे तास, तेल, इम्पेलर, स्पार्क प्लग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधी बदलले, कुठल्या बाजूचं कितीला आणलं. एका पानावर ‘गवत, गाळणी तुंबली, उजवं इंजिन तापलं, बंद केलं, डाव्यावर परतलो’ अशी नोंद. या तळ्यात हे होतंच. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते १९८८ मध्ये इथेच. ते पाणी गाळून नितळ करतात, ऊन तळापर्यंत पोचतं आणि पाणवनस्पती माजतात. इंजिन तापलं की ताबडतोब बंद करणारा मालक होता, एवढं मला त्या ओळीतून कळलं. वह्यांचे फोटो काढून घेतले.

डेकवर गुडघ्यांवर बसून ठोकत गेलो. पुढे, नांगराच्या खुंट्याभोवती हातभर जागा बसकी वाजते. तिथे डेकच्या थरांमधलं हलकं लाकूड, बाल्सा, ओलं आहे. बाकी डेक खणखणीत. स्ट्रिंगर हात पोचेल तिथपर्यंत ठोकले, कोरडे. हे डेकचं काम मी घरी करू शकतो: वरचा थर कापून बाल्सा बदलायचा, खुंट्याच्या बोल्टांच्या भोकांत इपॉक्सी भरून मग पुन्हा भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला लाकडापर्यंत वाटच राहणार नाही.

मागितलेली किंमत ११,५००. सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) आणि सी ट्रायल (पाण्यावर चालवून बघणं) पसंत पडल्यास घेऊ, या अटीवर इसार दिला.

५ ऑक्टोबर

सर्व्हे. फुटाला २५ डॉलर, शिवाय क्रेनचे वेगळे. काहींना हा खर्च जुन्या बोटीवर वाया वाटतो. पण इतक्या जुन्या बोटीला विमा कंपनी सर्व्हेशिवाय दारात उभं करत नाही आणि मरिना विम्याशिवाय जागा देत नाही. सर्व्हेयर आपणच निवडायचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही.

बोट पट्ट्यांवर उचलली. तळ चांगला. शाफ्ट हाताने हलवून बघितले, उजव्या बाजूचं बेअरिंग सैल आहे. पाण्याखालच्या दोन जागी नळाच्या दुकानातले चाकाचे व्हॉल्व्ह होते, तिथे ब्राँझचे सीकॉक (पाणी बंद करायचे पक्के व्हॉल्व्ह) बसवा असं सर्व्हेयरने लिहिलं. संडासाची टाकी ठीक, बाहेर सोडणारी नळी बंद केलेली. मिशिगनच्या पाण्यात मैला सोडायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे हेही विम्याइतकंच महत्त्वाचं. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर नव्हता. चालत्या बोटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर उलटा आत ओढला जातो. हा डिटेक्टर बोट हलण्याआधी लागेल.

मग पाण्यावर. इंजिनं मुद्दाम थंड ठेवायला सांगितली होती. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन कुठलंही चटकन लागतं. दोन्ही थंड असतानाच लागली, डाव्याने थोडा निळसर धूर काढला. ३००० आरपीएमला जीपीएसवर १४ नॉट. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही ४००० च्या आसपास गेली. हा आकडा गाठला नाही तर एकतर पंखे चुकीचे किंवा इंजिन दमलेलं. तळ्याच्या मध्यावर वारा चांगला होता, लाट दोन फूट. बोट आपटली नाही, लाट कापत राहिली. मी सुकाणू सर्व्हेयरच्या हाती देऊन खाली बिल्जमध्ये टॉर्च घेऊन बसलो होतो. उजव्या स्टफिंग बॉक्समधून (शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथलं सील) काही सेकंदांनी एक थेंब, जेवढा हवा तेवढाच.

परतल्यावर काँप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब. उजवं इंजिन: सगळे १३५ ते १४५. डावं: सात सिलेंडर तसेच, एक ११०. त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून परत मोजलं. रिंगा गेल्या असतील तर तेलामुळे फट बुजते आणि आकडा चढतो. चढला नाही, ११२. म्हणजे रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह. त्याच सिलेंडरमध्ये काँप्रेसरची हवा सोडून कान लावला. कार्ब्युरेटर शांत, एक्झॉस्टच्या बाजूने स्पष्ट फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाय. हेड (सिलेंडरवरचं झाकण) काढून मशिन शॉपला द्यायचं. ब्लॉक शाबूत आहे.

८ ऑक्टोबर

डोळे फिरवणारी गोष्ट अशी की या सगळ्यानंतरही सी रे दिसायला दहा पट चांगली आहे. पण सगळे दोष कागदावर लिहून समोरासमोर ठेवले. ट्रोजनचे दोष: एक व्हॉल्व्ह, एक बेअरिंग, दोन सीकॉक, हातभर डेक, जुने पडदे. प्रत्येक दोषाला नाव आहे, सुटा भाग आहे, किंमत आहे. ३१८ हेच इंजिन क्रायस्लरने लाखो डॉज गाड्यांत आणि ट्रकांत घातलं, त्यामुळे हेड, व्हॉल्व्ह, रिंगा आजही मिळतात. गिअर बोर्गवॉर्नरचे व्हेल्व्हेट ड्राइव्ह, तेही दुरुस्त करणारे भरपूर. एकच जपायचं: दोन पंखे उलटसुलट फिरावेत म्हणून एक इंजिन उलटं फिरतं, त्याचा स्टार्टर आणि क्रँकचं सील वेगळं येतं. मागवताना बाजू सांगावीच लागेल.

तिचा मोठा खर्च पेट्रोलचा. दोन व्ही-८ आहेत, नाकारून उपयोग नाही. पण ३२ फुटी बोट सात नॉटच्या आत ठेवली तर ती पाणी ढकलत नाही, सरकते, आणि पेट्रोल कितीतरी पटीने कमी लागतं. मस्कमूटला जाताना घाई कसली आहे? रुंद बोटीला स्लिपही (मरिनातली बांधायची जागा) रुंद लागते, तिथे वर्षाला काहीशे डॉलर जास्त जातील. आईसाठी ते मला मंजूर आहेत.

सर्व्हेची प्रत मालकांना दिली आणि त्यातल्या प्रत्येक कामाची किंमत मांडली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. व्हॉल्व्हचं त्यांनाही जाणवलं होतं, वहीत ऑगस्टमध्ये ‘डावं थोडं अडखळतं’ लिहिलेलं मीच वाचलं होतं. ८,७०० ला जमलं.

१२ ऑक्टोबर

दसरा. बिल ऑफ सेल आणि टायटलवर (मालकीच्या कागदावर) सह्या आज मुद्दाम केल्या. गावी बाबा दसऱ्याला गॅरेजमधले पाने, स्क्रू ड्रायव्हर मांडून पूजा करायचे. इथे टॉर्क रेंच आणि काँप्रेशन गेज बोटीच्या टेबलावर ठेवून झेंडू वाहिला. फोनवर आई-बाबा होते. बाबांचा पहिला प्रश्न: ‘डाव्या इंजिनचं हेड कधी काढतोस?’

मालकांनी वह्या दिल्या. मी मागितल्या नव्हत्या.

१५ ऑक्टोबर

टायटल नावावर झालं. मिशिगनमध्ये २० फूट किंवा त्याहून लांब बोटीला गाडीसारखंच टायटल लागतं. सहा टक्के कर भरला. विमा सुरू, मात्र सीकॉक आणि डिटेक्टर वसंतात बोट पाण्यात जाण्याआधी बसवायची अट घातली आहे. योग्यच आहे.

२६ ऑक्टोबर

बोट बाहेर, स्टँडवर. हिवाळ्याची तयारी. ही इंजिनं तळ्याचंच पाणी ब्लॉकमधून फिरवून थंड होतात. ते पाणी आत राहून गोठलं तर ओतीव लोखंड तडकतं आणि मेमध्ये बिल्ज भरतं. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढले. उजव्या इंजिनच्या एका भोकातून काहीच आलं नाही. प्लग काढला आणि पाणी आलं नाही म्हणजे ब्लॉक रिकामा आहे असं नसतं. वाकवलेली तार आत घालून फिरवली, गंजाची खपली सुटली आणि मग धार लागली, निदान दोन लिटर. सगळं निथळल्यावर गुलाबी अँटिफ्रीझ, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, एक्झॉस्टमधून गुलाबी बाहेर येईपर्यंत पंपातून फिरवलं. टाक्यांत स्टॅबिलायझर घालून झालं. बॅटऱ्या घरी आणल्या.

डाव्या इंजिनचं हेड काढलं. सहाव्या सिलेंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी नखाएवढी खाल्लेली, आतून पांढरट. बाकीचे व्हॉल्व्ह आणि सीट बरे, पण एकदा उघडलंच आहे तर सगळे घासून घेणार. हेड सोमवारी मशिन शॉपला जाईल. बाल्साचे तुकडे आणि इपॉक्सी मागवलंय. इपॉक्सीला ऊब लागते, म्हणून डेकचं काम एप्रिलमध्ये.

वहीत पुढच्या कोऱ्या पानावर मालकांच्याच पद्धतीने लिहिलं: तारीख, डावं-उजवं, काय केलं, कितीला.